शाळेचा उंबरठा आणि आजारी मूल

मराठी शाळेत पत्रलेखनाचा पहिला औपचारिक धडा बहुधा रजेच्या अर्जाचा असतो. ‘मा. मुख्याध्यापक यांस’ असा मायना, त्याखाली विनंती, कारण ताप, दिवस दोन किंवा तीन, आणि शेवटी ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हा अर्ज इतक्या वेळा गिरवला की त्यात काय गृहीत धरले आहे याकडे कोणाचे लक्ष जाईनासे झाले. गैरहजेरी हा अपराध असून त्यासाठी क्षमा मागावी लागते, हे पहिले गृहीत. आजार ही घरची बाब आहे, हे दुसरे. आणि रजा मंजूर केली की शाळेचे कर्तव्य संपते, हे तिसरे. शाळा आणि आजारी मूल यांच्यातील नात्याचा इतिहास पाहू लागले की ही तिन्ही गृहीते एकामागून एक कशी ढासळत गेली हे दिसते. ती पुरती ढासळली आहेत असे मात्र म्हणता येत नाही.

जुन्या काळी आजारी मूल घरीच असे, कारण दुसरी जागाच नव्हती. गोवर, कांजिण्या, गालफुगी, डांग्या खोकला ही बालपणाची अटळ वळणे मानली जात. देवीचा रोग तर नावानेच दैवी होता. छत्तीसगढमध्ये अंगावर फोड आले की ‘माता आली’ म्हणत. महाराष्ट्रात ‘देवी आल्या’ म्हणत. आणि दोन्हीकडे उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवून शीतळेला शांत करण्याचा प्रयत्न होई. मुंबईत १८०२ च्या जूनमध्ये ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ते पहिले यशस्वी लसीकरण. तरीही पुढची शंभर वर्षे ‘टोचणारा’ गावात आला की आया मुलांना माळ्यावर लपवीत. गावच्या शाळामास्तरांना तेव्हा याबाबत काही भूमिका नव्हती. मूल आले नाही तर नाव कमी करायचे, एवढेच.

शाळेला आजाराविषयी भूमिका घ्यायला प्रथम भाग पाडले ते प्लेगने. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. हिवाळ्यात मुंबई ओस पडू लागली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. सक्तीचे विलगीकरण, घरझडत्या, रेल्वेस्थानकांवरील तपासण्या हे सारे त्या कायद्याच्या आधारे झाले. तोच कायदा पुढे सव्वाशे वर्षे जगला आणि २०२० मध्ये पुन्हा कपाटातून बाहेर काढला गेला. पुण्यात रँडच्या पथकांनी जे केले आणि त्याचा जो परिणाम झाला, तो इतिहास मराठी वाचकाला पाठ आहे. पण त्याच वर्षी, त्याच शहराच्या वेशीबाहेर घडलेली दुसरी गोष्ट शाळेच्या इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. मुंढव्याच्या वस्तीतील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाला होता. सावित्रीबाई फुले यांनी त्याला पाठीवर घेऊन हडपसरजवळ उघडलेल्या दवाखान्यात पोचवले. तो दवाखाना त्यांचे पुत्र डॉ. यशवंत चालवीत होते. संसर्गाने सावित्रीबाईंना गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. जवळपास पन्नास वर्षांपूर्वी मुलींसाठी शाळेचे दार उघडणारी ही शिक्षिका आजारी मुलाला दारात थांबवत नव्हती; त्याला उचलून नेत होती. या प्रसंगाकडे केवळ करुणेची कथा म्हणून पाहणे हा त्याच्यावर अन्याय होईल. आजारी मुलाचे काय करायचे या प्रश्नाला त्या काळी सरकारचे एक उत्तर होते आणि सावित्रीबाईंचे दुसरे. पुढच्या सव्वाशे वर्षांत शाळा या दोन उत्तरांमध्येच फिरत राहिली: मुलाला दूर ठेवायचे की त्याच्यापर्यंत उपचार पोचवायचा.

प्लेगने शाळांचे पत्तेही बदलले. धोंडो केशव कर्वे यांचा विधवांसाठीचा आश्रम पुण्यातून हिंगण्याच्या माळावर गेला तो १९०० साली, शहरातल्या प्लेगमुळेच. स्त्रीशिक्षणाचे एवढे मोठे केंद्र गावाबाहेरच्या एका झोपडीतून वाढले, यामागे साथीचा धाक होता हे सहसा विसरले जाते.

नियम म्हणून शाळेने मुलाच्या प्रकृतीची चौकशी प्रथम केली ती बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानाला लागू केले. तीन वर्षांनी, १९०९ मध्ये, बडोदा शहरातील शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. हिंदुस्थानातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ म्हणून सामाजिक वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत हेच वर्ष दिले जाते. या दोन घटनांचा क्रम योगायोगाचा नसावा. मूल शाळेत येणे ऐच्छिक असेपर्यंत आजारी मुलाची जबाबदारी पालकांची असते. पण राज्याने एकदा सक्ती केली की बसता न येणाऱ्या, फळा न दिसणाऱ्या, कान वाहणाऱ्या मुलाला कोणत्या तोंडाने बाकावर बसवायचे, हा प्रश्न राज्यालाच पडतो. इंग्लंडमध्येही असेच घडले. बोअर युद्धासाठी भरतीला आलेल्या तरुणांची खंगलेली शरीरे पाहून सरकार हादरले आणि १९०७ च्या कायद्याने शाळांत वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली. तिथे साम्राज्याला सैनिक हवे होते. बडोद्याला सैन्याची घाई नव्हती. तिथला विचार शिक्षणाच्या आतूनच आला होता, आणि म्हणूनच तो अधिक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुर्दैवाने बडोद्याचा कित्ता फार कोणी गिरवला नाही. भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशातील शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नसल्यासारखीच असल्याचे नोंदवले. स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने शालेय आरोग्य समिती नेमली. तिने पुढच्याच वर्षी अहवाल दिला, आणि तपासणी, पोषण, स्वच्छ पाणी, शिक्षकांचे प्रशिक्षण असे सारे काही त्यात आले. अशा अहवालांचे जे होते तेच त्याचेही झाले. साठच्या दशकात शाळेत पाऊल ठेवणाऱ्या मुलांना अहवाल नव्हे, टोचणारा भेटला.

त्या पिढीच्या दंडावर त्याची खूण आजही आहे. १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला आणि शाळा हे त्याचे सोयीचे ठिकाण ठरले, कारण शंभर मुले एका रांगेत दुसरीकडे कुठे मिळणार? अनेक शाळांच्या प्रवेशअर्जात ‘देवी काढल्या आहेत काय?’ असा रकाना असे. साठी ओलांडलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या दंडावर देवीचा मोठा गोल, खोलगट वण दिसतो. त्यांच्या मुलांच्या दंडावर तो नाही, तिथे फक्त बीसीजीची छोटी खूण आहे. १९७५ च्या मे महिन्यात देशातील देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना रांगेत उभे केले तर त्यांच्या नुसत्या दंडांवरून देशाच्या आरोग्याचा इतिहास वाचता येईल.

हा इतिहास भनपुरीपर्यंत कसा येतो ते पाहण्याआधी रायपूरचे मराठीपण थोडे आठवायला हवे. १७४१ पासून छत्तीसगढवर नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली, बिंबाजी भोसले रतनपूरला राहिले, आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावरही नागपूर-रायपूर हा धागा तुटला नाही. दोन्ही शहरे मध्य प्रांतात होती. १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. शिक्षक, वकील, कारकून, रेल्वेचे लोक याच वाटेने आले. पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे त्यांच्यातलेच. भिलाईचा कारखाना उभा राहिल्यावर आणखी कुटुंबे आली. शहराच्या उत्तरेला बिलासपूर रस्त्यावर भनपुरी, तिच्या पुढे उरला, बिरगाव, सिलतरा. जिथे एकेकाळी भातशेती होती तिथे लोखंडाचे, रोलिंग मिलचे, स्पंज आयर्नचे कारखाने आले आणि कामगारांच्या वस्त्या वाढल्या. अशा वस्तीतील शाळेत विदर्भातून आलेले मूल आणि छत्तीसगढी मूल एकाच बाकावर बसते. आणि गंमत म्हणावी की दुर्दैव, या दोघांच्या रक्तातही एक समान गोष्ट असू शकते.

ती म्हणजे सिकलसेल. तांबडी रक्तपेशी गोल असण्याऐवजी विळ्याच्या आकाराची होणे, हा या आजाराचा गाभा. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळला, आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील प्रमाण ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. विदर्भ, छत्तीसगढ, पश्चिम ओडिशा असा तो एक सलग पट्टा आहे. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तिथेच हा दोष टिकून राहिला, कारण दोन्ही पालकांऐवजी एकाकडूनच तो आलेल्या माणसाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. छत्तीसगढमध्ये सुमारे दहा टक्के लोक असे वाहक असावेत असा अंदाज वरचेवर दिला जातो. वाहकाला त्रास नसतो. पण दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला पूर्ण आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आदिवासी, दलित आणि शेतकरी अशा अनेक जातींत तो आहे; त्याला एकाच समाजाचा रोग ठरवणे अज्ञानाचे लक्षण होय. रायपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. अरुण त्र्यंबक दाबके यांचे नाव या संदर्भात घ्यायलाच हवे. छत्तीसगढमधील बालरोगशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांना २००४ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे राज्य सरकारने रायपुरात सिकलसेलसाठी स्वतंत्र संस्थाही उभी केली.

या आजाराचे मूल वर्गात कसे दिसते? बाहेरून काहीच दिसत नाही. डोळे कधी पिवळसर, चण लहान, खेळात लवकर दम लागणारे. मग एखाद्या थंड सकाळी, किंवा उन्हात कवायत केल्यानंतर, किंवा दिवसभर पाणी न पिता बसल्यानंतर हातापायांत, पाठीत असह्य कळा सुरू होतात. विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्याने त्या भागाला प्राणवायू मिळत नाही. तीन दिवस, कधी आठवडा मूल अंथरुणावर. उठून शाळेत येते तेव्हा ते ठणठणीत दिसते. महिन्याभराने पुन्हा तेच. ज्या शिक्षकाला हे माहीत नाही त्याला हा कामचुकारपणा वाटणारच. आणि ज्या मुलाला स्वतःलाही आजाराचे नाव माहीत नाही ते ‘पोट दुखत होते’ असे काहीतरी सांगून मोकळे होते. अशा मुलाच्या वाट्याला वर्गाबाहेर उभे राहण्याची शिक्षा किती वेळा आली असेल, याची नोंद कोणत्याही हजेरीपटात नाही.

खरे तर या मुलासाठी शाळेला करावे लागते ते फार थोडे आहे, आणि त्यातले बहुतेक फुकट आहे. पाण्याची बाटली बाकावर ठेवू देणे आणि हवे तेव्हा पिऊ देणे. लघवीला जायची परवानगी दर वेळी हात वर करून मागायला न लावणे, कारण जास्त पाणी पिणाऱ्याला वारंवार जावे लागते आणि सिकलसेलमध्ये मूत्रपिंडेही लघवी घट्ट करू शकत नाहीत. थंडीत स्वेटरच्या रंगावरून हटकायचे नाही. पळण्याच्या शर्यतीत ढकलायचे नाही, पण खेळातून कायमचे बाहेरही काढायचे नाही. दुखत्या भागावर बर्फ लावायचा नाही. आणि ताप आला तर ‘घरी जाऊन झोप’ म्हणायचे नाही. या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत असल्याने त्यांच्या अंगात जंतू वेगाने पसरतात, म्हणून ताप हे त्यांच्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठण्याचे कारण आहे. दर आठवड्याला शाळेत वाटल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळीबाबतही एक सावधगिरी हवी. ज्या मुलाला वारंवार रक्त चढवावे लागते त्याच्या शरीरात लोह आधीच साठत जाते; त्याला गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारले पाहिजे. रजेच्या अर्जातली ती तीन गृहीते या एका मुलापुढे टिकत नाहीत. त्याची गैरहजेरी अपराध नाही, त्याचा आजार फक्त घरचा नाही, आणि रजा मंजूर करून शाळा सुटत नाही.

मात्र शाळेचे नियम त्याला सोयीचे नाहीत. बहुतेक परीक्षा मंडळांत ७५ टक्के उपस्थितीचा दंडक आहे. आजारपणासाठी सवलत असते, पण ती वैद्यकीय प्रमाणपत्रावर. रोजंदारीवर उरल्याच्या कारखान्यात जाणाऱ्या बापाला तीन दिवसांच्या दुखण्यासाठी दर वेळी प्रमाणपत्र आणणे म्हणजे एक दिवसाची मजुरी घालवणे. कागद ज्याच्याकडे आहे त्याचे मूल आजारी, ज्याच्याकडे नाही त्याचे मूल उनाड, असा हा न्याय. कायदा या बाबतीत शाळेच्या पुढे गेला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांना दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले, आणि कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांनाही. म्हणजे प्रमाणपत्रधारक मूल हे आता दयेचा नव्हे तर हक्काचा विषय आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात आदिवासीबहुल भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. तपासलेल्याला कार्ड मिळते. ते कार्ड शाळेच्या कपाटात पोचते की घरच्या पत्र्याच्या पेटीतच राहते, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

कुष्ठरोगाचा उल्लेख आला तो सहज नव्हे. शाळेच्या दारात मूल अडवले जाण्याचा सर्वांत कडू इतिहास या रोगाचाच आहे, आणि इथे तर मूल स्वतः आजारी नसतानाही अडवले जाई; आईबाप आजारी एवढे पुरे. छत्तीसगढ आजही देशातील अधिक रुग्णसंख्येच्या राज्यांपैकी एक आहे. चांपा येथे मिशनचे कुष्ठरुग्णालय विसाव्या शतकाच्या आरंभापासून आहे. तिथे उपचार घेतलेल्या सदाशिव गोविंद कात्रे या रेल्वे कर्मचाऱ्याने १९६२ मध्ये चांपाजवळ सोंठी येथे भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट त्याआधी जशपूरच्या आश्रमात आदिवासी मुलांना शिकवीत होते. १९७२ मध्ये ते सोंठीला आले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, तिथेच राहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका मराठी रुग्णाने सुरू केलेले आणि एका मराठी शिक्षकाने वाढवलेले हे काम छत्तीसगढच्या मातीतले आहे. त्यात रुग्णांच्या निरोगी मुलांचे शिक्षण आणि निवास हा मोठा भाग होता, कारण गावच्या शाळा त्यांना घेत नसत. बहुविध औषधोपचार आल्यानंतर, म्हणजे ऐंशीच्या दशकापासून, वैद्यकीय वस्तुस्थिती बदलली. औषध सुरू केल्यावर थोड्याच काळात रुग्णाकडून संसर्ग होण्याची भीती उरत नाही, तेव्हा उपचार घेणाऱ्या मुलाला वर्गात बसू न देण्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. समाजाच्या मनातला बदल औषधाच्या वेगाने झाला नाही, एवढेच.

भनपुरीच्या मुलांचा आणखी एक वाटेकरी आहे: धूळ. छपरावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पूड बसते ही या भागातील जुनी तक्रार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये शहरांतील हवेची आकडेवारी प्रसिद्ध केली तेव्हा सूक्ष्म कणांच्या बाबतीत रायपूर जगात चौथे होते; दिल्ली, पाटणा आणि ग्वाल्हेर एवढीच पुढे. दमेकरी मुलाच्या दप्तरात इन्हेलर असतो, आणि तो शिक्षकांच्या टेबलाच्या खणात कुलूपबंद असू नये, मुलाच्या हाताशी असावा, हा साधा नियम अनेक शाळांना अजून करायचा आहे.

सरकारी पातळीवर सर्वांत मोठा बदल २०१३ मध्ये झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ त्या वर्षीच्या ६ फेब्रुवारीला पालघरला झाला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील तीस आजार व दोष शोधायचे, आणि सापडले की पुढचे उपचार मोफत करायचे, ही त्याची रूपरेषा. छत्तीसगढमध्ये हीच पथके ‘चिरायु’ या नावाने ओळखली जातात. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. हृदयाला जन्मजात छिद्र असलेली, दुभंगलेल्या ओठांची, ऐकू न येणारी कित्येक मुले यामुळे शस्त्रक्रियेपर्यंत पोचली. वर्षातून एकदा येणारे पथक सिकलसेलच्या कळा पाहू शकत नाही, हेही खरे. ते काम वर्गशिक्षकाचेच. २०१५ पासून १० फेब्रुवारीला जंतनाशक गोळी शाळेत शिक्षकांच्या हातून दिली जाते. मध्यान्ह भोजन तर १९९५ पासून देशभर आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर ते शिजवलेले मिळू लागले. बडोद्याच्या तपासणीपासून शंभर वर्षांत शाळा दवाखाना झाली नाही, पण दवाखान्याची ओसरी मात्र झाली.

मग २०२० चा मार्च आला आणि सगळेच मूल घरी बसले. साथरोग कायदा पुन्हा लागू झाला. छत्तीसगढ सरकारने एप्रिलमध्ये ‘पढ़ई तुंहर दुआर’ सुरू केली, म्हणजे शिक्षण तुमच्या दारी. ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता त्यांच्यासाठी शिक्षकांनी ध्वनिक्षेपक लावून, झाडाखाली, मंदिराच्या ओसरीवर मोहल्ला वर्ग भरवले. जेवणाऐवजी सुका शिधा घरी गेला. २ ऑगस्ट २०२१ रोजी शाळा टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या. या सोळा महिन्यांनी एक गोष्ट उघड केली. घरी असलेल्या मुलापर्यंत शाळेने पोचायचे ठरवले तर ती पोचू शकते. निरोगी मुलांसाठी जे एका रात्रीत शक्य झाले, ते हातापायांत कळा येऊन घरी पडलेल्या एका मुलासाठी एरवी कोणी केले नव्हते. गृहपाठ शेजारच्या मुलाच्या हाती पाठवणे, एवढेही नाही.

संसर्गजन्य आजारात मुलाला घरी ठेवावेच लागते, यात वाद नाही. वाद आहे तो किती दिवस याचा. गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालफुगीत सूज आल्यापासून पाच, कांजिण्यांत शेवटच्या फोडाची खपली धरेपर्यंत, खरजेत औषध लावून एक दिवस. एवढे पाळले तर पुरे. पण शाळा बहुधा दोन टोकांना जातात: एकीकडे कांजिण्यांच्या मुलाला ‘खपल्या पूर्ण पडल्याशिवाय’ महिनाभर येऊ देत नाहीत, दुसरीकडे संपूर्ण हजेरीचे बक्षीस ठेवून तापात फणफणणाऱ्या मुलाला वर्गात आणवतात. २०२३ च्या पावसाळ्यात देशभर डोळे आले तेव्हा दोन्ही प्रकार पाहायला मिळाले. संपूर्ण हजेरीचे प्रमाणपत्र हा प्रकार तर बंदच व्हायला हवा. ते प्रमाणपत्र परिश्रमाला नसते, नशिबाने लाभलेल्या प्रकृतीला असते.

शाळा सोडताना मुलाच्या हाती जो दाखला पडतो त्यात जन्मतारीख असते, जात असते, वर्तणूक ‘चांगली’ असे लिहिलेले असते. प्रकृतीचा रकाना नाही, आणि तो दाखल्यावर नसावा हेच बरे. तो दाखला पुढे आयुष्यभर कोणाकोणाच्या हाती जातो. पण त्यामुळे होते असे की पाच वर्षे ज्या वर्गशिक्षिकेने पाण्याची बाटली बाकावर ठेवू दिली, तिला जे कळले होते ते तिच्यापाशीच राहते. कारखाना बदलला, वडील भनपुरीहून सिलतऱ्याला गेले, मूल नव्या शाळेत गेले, की पहिल्या थंडीत कळा सुरू होतात आणि नव्या वर्गात सारे पहिल्यापासून. आता काही शाळांत प्रत्येक मुलाची आरोग्यनोंद पालकांच्या संमतीने बंद लिफाफ्यात पुढच्या मुख्याध्यापकांकडे देतात. दाखला घ्यायला आलेल्या आईने तो लिफाफा मागितला पाहिजे, आणि कार्यालयातल्या लिपिकाने तो मागण्याआधीच समोर ठेवला पाहिजे.